पेल्याचा पोचा

पहिला केक साच्यातून बाहेर आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माथ्यावर आडव्यातिडव्या भेगा, आणि सुरी घालावी तर आत कोरडा भुगा. एक नव्हे, सहाच्या सहा! वर्षअखेरच्या सुट्ट्यांत या घरचा सुकामेव्याचा केक बेचाळीस वर्षे शेजारी, डॉक्टर, नातलग अशा सगळ्यांकडे जातो आहे. तो कुणाला पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दारात नेमक्या वन्सं उभ्या. माझ्या दिवंगत यजमानांची ही धाकटी बहीण दर सुट्टीला सकाळच्या गाडीने येते आणि हातातली बॅग खाली ठेवण्याआधी माझ्या स्वयंपाकघरात डोकावते. या दृश्याची त्यांनी बेचाळीस वर्षे वाट पाहिली होती.

“वहिनी, यंदा बिस्किटं केलीत वाटतं?”

सूनबाई ओट्याशी दुसऱ्या घाण्यासाठी संत्र्याची साल किसत होती. आमच्याकडची रीत ठरलेली आहे. मापे माझी, मिश्रण माझे, ओव्हनचा काटाही मीच लावते. पण साचे आत गेले की त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसायचे ते तिने. यंदा माझे उजवे मनगट पट्टीत असल्याने मैदा आणि साखर मुलाने माझ्या हुकमाप्रमाणे मोजली होती, एवढाच काय तो फरक.

“आच कुणी वाढवली?” मी विचारले.

“कुणीच नाही, आई. काटा तुम्ही लावलात तिथेच आहे.”

“मग केक काय माझा आवाज ऐकून फुटले?”

“मी हातसुद्धा लावला नाही.”

“तुला संध्याकाळी शाळेतल्या मंडळींकडे जायचं आहे. आच थोडी वाढवली की काम लवकर उरकतं, एवढं कळतं मला. निदान खोटं तरी बोलू नकोस!”

“हल्लीच्या मुलींना धीर कुठला!” वन्संनी दारातूनच फोडणी घातली.

सूनबाईने किसणी खाली ठेवली. अंगावरचा एप्रन काढला, त्याची घडी घातली आणि ती माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिचा राग उकळत नाही, गोठतो.

“एकवीस वर्षं त्या स्टुलावर बसते आहे, आई. आज तुम्ही मला आत्यांसमोर खोटारडी म्हणालात. ते आत्यांसमोरच मागे घ्याल, तेव्हा मला हाक मारा. तोवर तुमचा केक आणि तुम्ही.”

ती जिना चढून गेली. माझ्या स्वयंपाकघरातून माझी सून मला अट घालून जाते! “नाही आलीस तरी काही अडत नाही,” असे मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सुनावले. वर दार हलकेच लागले, आणि त्याचा मला अधिकच संताप आला.

चार वाजता शेजारची मंडळी केक न्यायला येणार होती. मी मैद्याचा डबा ओढला, पट्टी बांधलेल्या हातानेच मापाचा पेला उचलला आणि जागच्या जागी थांबले. माझा अंगठा त्याची जागा शोधत होता आणि ती जागा तिथे नव्हती.

हा पितळी पेला माझ्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात जिन्यावरून घरंगळला आणि त्याच्या कुशीला खोल पोचा पडला. माझा केक त्याच्यानंतरचा. आठ पेले मैदा, सहा पेले साखर हा सगळा हिशेब त्या पोच्यासकट बसलेला आहे. अंडी आणि लोणी मात्र नगावर. आता पेला गुळगुळीत होता. सकाळी तो लखलखताना मी पाहिला होता आणि सूनबाईने चिंच लावून घासला असेल, असे समजून पुढे गेले होते. प्रत्येक पेल्याला दोन चमचे मैदा जास्त, दोन चमचे साखर जास्त. भेगा पडणार नाहीत तर काय होईल!

“हा पेला कुणी सरळ केला?”

मुलगा आतून आला तो हसतच. “अखेर लक्षात आलं तर! भांडीवाल्याकडून ठोकून आणला. सुट्ट्यांची भेट, आई. म्हटलं, तू ओळखतेस का बघू.”

“गाढवा!” मी ओरडले. “पन्नाशीला आलास आणि भेट म्हणून आईच्या हातचं माप मोडून आणलंस? अरे, मला विचारायला तोंड नव्हतं?”

“मला वाटलं, पोचा म्हणजे… पोचा.”

“हातोडी आण.”

त्याने मुकाट्याने आणली. पेला पाट्यावर आडवा धरायला त्याला बसवले आणि मी डाव्या हाताने घाव घातला. पोचा पडला, पण किती? माझा अंगठा पट्टीत सुजलेला, त्याला खोलीचा अंदाज येईना. मुलाला विचारण्यात अर्थ नव्हता. तो पेला रोज आतून कोण घासते, त्या फुगवट्यावरून कुणाची बोटे एकवीस वर्षे फिरली आहेत, हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच हातोडी आपटून मी बाहेरच्या खोलीत गेले.

वन्सं खिडकीशी चहा घेत होत्या.

“वन्सं, कप खाली ठेवा आणि ऐका.” माझा आवाज जिन्यापर्यंत पोचेल इतका मी चढवला. “सूनबाईने आच वाढवली नव्हती. माप चुकलं होतं, आणि समोरचा पेला न पाहता हुकूम सोडले ते मी. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. तो मी मागे घेते.”

“अगंबाई, वहिनी, एवढं काय त्यात!”

“एवढंच आहे त्यात. आता तुमचं वाक्य तुम्ही परत घ्या.”

“मी कुठे काय बोलले?”

“धीर कुठला, म्हणालात. एकवीस वर्षं स्टुलावर बसून दाखवा, मग बोला.”

वन्संनी चहाचा घोट घेतला आणि जिन्याकडे तोंड करून पुटपुटल्या, “बरं बाई, चुकलं.” इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. माझ्या तोंडूनही त्यांनी, बहुधा.

सूनबाई खाली आली. एप्रन बांधला, पेल्यात दोन बोटे घातली आणि डोळे मिटले.

“अजून खोल.”

मी घाव घातला.

“अजून. आई, आहे तेवढा सगळा राग नको, निम्मा पुरे.”

मुलाला हसू फुटले. त्याला मी भुग्याची परात घेऊन वन्संसमोर बसवले. दोघांनी मिळून संपवायचा होता. तिसऱ्या घावानंतर तिने हात वर केला. “बास. हाच.”

मी मैदा चाळायला घेतला. ओव्हनच्या काट्याला मी हात लावला नाही.

“आच किती ठेवू?” तिने विचारले.

“ते तू ठरव,” मी म्हणाले आणि चाळणी अशी आपटली की दोघींच्याही चेहऱ्यावर मैदा उडाला.