देवाऱ्यातला बॅकअप

शिवांजलीच्या घरात भांडणं भाजीतल्या मिठावरून होत नसत, कॉम्प्युटरवरून होत. परंड्याच्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ. नवरा कुलदीप लग्नं-बारशी शूट करायचा. ती मागे बसून फोटो दुरुस्त करायची, अल्बम लावायची आणि गर्दीच्या दिवसांत स्वतःही कॅमेरा उचलायची. तिसरा शहाणा म्हणजे धाकटा दीर कृष्णराज. तो धाराशिवला कॉम्प्युटर शिकत होता आणि सुट्टीला घरी आला की खांद्यावरची बॅग टेकवायच्या आधी स्टुडिओतल्या मशीनला नावं ठेवायचा.

"वहिनी, हे विंडोज चोरीचं हाय. कुणीतरी कुलूप फोडून दिलंय. ज्यानं तुमच्यासाठी कुलूप फोडलं, त्यो उद्या तुमचंबी फोडील."

"आन विंडोजच्या जागी तुमचं ते लिनक्स, ते फुकट. फुकटच्या वस्तूला वाली कोण?"

"सगळेच वाली. आतलं अक्षर न् अक्षर उघडं असतंय. कुणीबी वाचावं, चूक दिसली तर सुधरावी."

"मला वाचायला येळ न्हाय. माझं अल्बमचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतंय का, तेवढं सांगा."

इथे कृष्णराज खिशातला मोबाईल काढून उगाच बघायचा. समोरच्या हॉटेलातली मंडळीही या वादात पडायची. त्यातल्या निम्म्यांना लिनक्स हे नव्या बियाण्याचं नाव वाटत होतं, तरी बाजू घ्यायला कुणी मागे राहत नसे. कुलदीप तेवढा दोघांनाही हात जोडून कॅमेऱ्याची बॅग उचलायचा. शिवांजलीचं मत साधं होतं: पेटती चूल कशाला विझवायची?

पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूल धुपायला लागली. मशीन सुरू होताच पडद्यावर जाहिरातींच्या चौकटी उघडू लागल्या, एक बंद करावी तर दोन उघडत. एका चौकटीत लाल अक्षरांत धमकी होती. कुलदीप पहाटेच येरमाळ्याला गेला होता, एका घरच्या गोंधळाचं शूटिंग करायला. कृष्णराजनं पडद्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर वर्षभर वाट पाहिल्याचं समाधान आलं.

"हे आता पुसायलाच लागतंय, वहिनी. सगळं साफ करून लिनक्स टाकतो. अल्बमचं नंतर बघू. बॅकअप हाय ना?"

"हाय की. देवाऱ्यात."

कृष्णराज हसला. खोटं नव्हतं ते. खंडे नवमीला स्टुडिओतल्या सगळ्या वस्तू देवाऱ्यापुढे मांडायच्या, ही सासऱ्यांची, शिवशंकररावांची रीत. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, आणि अलीकडे बॅकअपची काळी हार्डडिस्कसुद्धा. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, रीत राहिली. डिस्कवर अजून हळदीकुंकवाची पाच बोटं होती.

कृष्णराजनं एकेक पान पुढे नेलं. मशीननं विचारलं, संपूर्ण डिस्क पुसू का? त्यानं वहिनीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, त्यानं बटण दाबलं. अर्ध्या तासात जाहिराती गेल्या, धमकी गेली, आणि निळसर रिकामा पडदा असा शांत पसरला की शिवांजलीला पहिल्यांदाच दिराचं थोडंसं पटलं. पण ते तिनं बोलून दाखवलं नाही. दिराला एवढं डोक्यावर घेऊन चालत नाही.

दुपारी फोन वाजला. कुर्डूवाडी रस्त्यावरच्या वस्तीवरून सिदूचा. अष्टमीला याच सिदूच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो शिवांजलीनं काढले होते.

"ताई, आमचा म्हातारा गेला. काल सोनं वाटून आला, पाणी मागितलं आन बसल्या जागी गेला. आज सकाळी माती झाली."

सिदूचे वडील. दगडोबा. परवा-तेरवा तर अंगणात नातवाला खांद्यावर घेऊन फिरत होते.

"आई म्हनती फोटो पाहिजे. आबानं जल्मात फोटो काढू दिला न्हाय. आधार कार्डावरचा हाय, पन त्यो बघून आईच वळखंना. तुमी काढलेत न्हवं अष्टमीला? उद्या सकाळी मिळतील का?"

"मिळतील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणताना तिला काही खोटं वाटलं नव्हतं. डिस्क देवाऱ्यातून आणली, पदरानं कुंकू पुसलं, वायर लावली. अष्टमीच्या तारखेचं फोल्डर नव्हतं. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मग तिला आठवलं.

अष्टमीला संध्याकाळी ती वस्तीवरून परत आली, तोवर सासूबाईंनी देवाऱ्यापुढे पाट मांडून डिस्कला हळदीकुंकू लावलंही होतं. एकदा मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. म्हणून तिनं फोटो फक्त कॉम्प्युटरवर उतरवले. राहिली मेमरी कार्डं. तिथे सासऱ्यांची दुसरी रीत आडवी आली. रोलचा जमाना होता तेव्हा शिवशंकरराव नवमीच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्यातला रोल काढून घ्यायचे. म्हणायचे, पूजेला कॅमेरा रिकामा पाहिजे, आत कुणाचा चेहरा अडकून राहता कामा नये. रोल गेले, कार्डं आली, सून रीत पाळत राहिली. तिन्ही कार्डं तिनं स्वतःच्या हातानं पुसली, फडक्यानं चकचकीत केली आणि पाटावर ओळीनं ठेवली. दुसऱ्या कुठल्या गावातल्या कुठल्या फोटोग्राफरनं असं केलं असतं? आणि उरली एकुलती एक प्रत, ती आज सकाळी मान हलवून पुसली.

"भाऊजी," ती म्हणाली. "डिस्कवर न्हाईत."

कृष्णराजनं मशीनकडे पाहिलं. "मशीनमधून परत..." त्यानं सुरुवात केली आणि थांबला. "ही नवीन जातीची डिस्क हाय, वहिनी. पुसलं की मागं काय ठेवत न्हाय."

शिवांजलीला दगडोबांची भीती वाटत नव्हती, सिदूचीही नाही. तिला भीती होती ती दगडोबांच्या बायकोची, तुळजाबाईंची. वाढदिवसाला म्हातारीनं तिला घरामागे बोलावून हळूच सांगितलं होतं, "पोरी, मालकाचा एक तरी बरा फोटो काढ. पन्नास वर्सं सांगून दमले. कॅमेरा दिसला की हात आडवा घालतोय." शिवांजलीनं तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. आणि फोटो काढलाही होता. दगडोबांना कळू न देता, लांबून, असा फोटो की स्वतःची पाठ थोपटावी. आता त्या बाईला जाऊन काय सांगायचं? की तुमच्या नवऱ्याला मी दोनदा पुसलं, एकदा देवासाठी आणि एकदा लिनक्ससाठी?

कृष्णराज लिनक्सच्या नव्या पडद्यावर वाकला होता. "कार्डं कुठंयत? कार्ड पुसलं म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाटती. पानं आत तशीच असत्यात, त्याच्यावर दुसरं काय लिहीपर्यंत. ती पानं वेचायचा एक प्रोग्राम हाय. उघडा, फुकट, कुणीबी उतरवून घ्यावा."

पाटावर दोन कार्डं होती. पहिल्यातून भोत्रा गावातलं एक लग्न निघालं. दुसऱ्यातून शाळेचं स्नेहसंमेलन. तिसरं कार्ड कुलदीपच्या कॅमेऱ्यात होतं, येरमाळ्याला. तिथे त्याचं बोट बटणावर पडेल तेवढ्या वेळा अष्टमीचं एकेक पान कायमचं जात होतं.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. संबळ वाजत असेल, फोन खिशात थरथरत असेल, आणि हा माणूस डोळा कॅमेऱ्याला लावून एकामागून एक काढत असेल. कुलदीपचा हात सढळ, एका दृश्याचे दहा काढल्याशिवाय त्याचं मन भरायचं नाही. याच गुणावर ती भाळली होती, आज त्याच गुणाची तिला धडकी भरली. सातव्यांदा त्यानं उचलला.

"किती काढले?"

"काय?"

"फोटो. किती काढले आत्तापर्यंत?"

"असतील दीडशे. का गं?"

"आता एकबी काढू नका. कार्ड काढा, खिशात ठेवा. बाकीचं मोबाईलवर काढा."

"येड लागलंय का तुला? लोकं काय म्हनतील?"

ती सांगायला गेली आणि रडायलाच लागली. पलीकडे संबळ वाजत होता. थोड्या वेळानं कुलदीप म्हणाला, "काढलं. खिशात हाय. रडू नगंस."

तो पाच वाजता आला. तोपर्यंत शिवांजलीनं घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता. येडेश्वरीला, तुळजाभवानीला, सासऱ्यांच्या तसबिरीला, सगळ्यांना हात जोडून झाले होते. कृष्णराजनं कार्ड लावलं. पडद्यावर काळ्या पट्टीत पांढरे आकडे सरकू लागले. एकशे दहा. एकशे तीस. गोंधळी, गोंधळी, दिवट्या, पुन्हा गोंधळी. मग अचानक सिदूचं अंगण आलं, फुगे, केक.

दगडोबा होते. शेवटच्या तीन फोटोंत. पाहुणे निघाल्यावर ती त्यांच्यासमोर कॅमेरा घेऊन उभी राहिली होती, तेव्हाचे. तिन्हींत त्यांचा हात आडवा होता. मोठा, भेगाळलेला तळहात, आणि बोटांच्या फटीतून दिसणारा एक डोळा. लांबून चोरून काढलेला तो फोटो सुरुवातीचा होता, केक कापायच्या आधीचा. त्याच्या जागेवर आता एक गोंधळी तोंड वासून उभा होता.

"न्हाय ना?" कृष्णराजनं विचारलं.

"न्हाय."

त्या रात्री घरात विंडोजचं नाव निघालं नाही, लिनक्सचंही नाही. कृष्णराज जेवला नाही. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय.

सकाळी तिनं तिन्हींतला एक फोटो छापून फ्रेम केला आणि दिराच्या गाडीवर मागे बसून वस्तीवर गेली. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली. कार्ड खराब निघालं, असं म्हणता येत होतं. त्यांनी हात काढलाच नाही, असंही म्हणता येत होतं, आणि त्यावर कुणी शंकासुद्धा घेतली नसती. चोरून काढलेला फोटो तिच्याशिवाय जगात कुणी पाहिलेला नव्हता. गप्प बसलं की झालं.

तुळजाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली. काचेवर, त्या आडव्या तळहातावर, स्वतःचा तळहात ठेवला. खूप वेळ तो तसाच ठेवून बसल्या.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "असाच करायचा मुडदा."

सिदूनं मान खाली घातली. उठून निघून जायला याहून बरी वेळ नव्हती. शिवांजलीचे पाय उठायला तयारही झाले होते.

"आजी," ती म्हणाली, "एक चांगला काढला होता. त्यांना कळू न देता. हसताना. तुम्हाला शब्द दिल्यापरमानं. तो माझ्या हातनं पुसला गेला."

तुळजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि शिवांजलीला वाटलं, आता ही बाई मला शिव्या देईल. द्याव्यात. त्या परवडल्या असत्या.

"हसत व्हता?" तुळजाबाईंनी विचारलं.

"व्हय."

"तू बघितलंस न्हवं? मग सांग मला. कसा?"

शिवांजलीनं सांगितलं. नातू खांद्यावर होता. त्यानं आजोबांची टोपी ओढून स्वतःच्या तोंडात घातली. दगडोबांनी वर बघितलं आणि तोंड उघडून हसले, खालचे दोनच दात दिसत होते. उजव्या हातानं पोराचा पाय धरलेला. डोळे मिटलेले.

"डोळं मिटल्यालं?"

"पक्कं मिटलेलं."

"मग खरं हसला," तुळजाबाई म्हणाल्या. "खोटं हसताना डोळं उघडं ठिवायचा." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "अजून एकडाव सांग. आन दहाव्याला येशील तवाबी सांग. माझं आता ध्येनात ऱ्हात न्हाय."

तिनं पुन्हा सांगितलं. टोपी, तोंड, दात, पाय.

परतताना गाडी रस्त्याला लागली आणि ती मनात तो फोटो पुन्हा बघायला गेली. टोपी दिसली. दात दिसले. पोराचा पाय धरलेला हात दिसला. कुठला हात? ओसरीवर तिनं एकदा उजवा म्हटलं होतं, दुसऱ्यांदा सांगताना नुसतं हात म्हटलं होतं. आता तिला डावा दिसत होता. ती डोळे मिटून पुन्हा आत गेली, आणि या खेपेला टोपीचा रंगही हलला. कालपासून किती घाबरली होती, पण असं काही तिला झालं नव्हतं. पुसणं चालूच होतं. कुणी बटण दाबायची गरज नव्हती.

"भाऊजी," तिनं पुढे वाकून त्याचा खांदा घट्ट धरला. "गाडी हळू घ्या. मी काय सांगते ते नीट ऐका, आन ध्यानात ठेवा."

कृष्णराजनं गाडी बाजूला घेतली, बंद केली, हेल्मेट काढलं. उसाचा ट्रॅक्टर शेजारून गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत दोघं थांबले.

"नातू खांद्यावर होता," ती म्हणाली.