कोरं कोण म्हणालं?

चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. टोकं जुळवायला समोर दुसरं माणूस लागतंच.

डॉक्टर लोक खिशात काय ठेवतील याचा नेम नाही. पेनं, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं, एकदा तर अर्धं खाल्लेलं सफरचंद.

मोठ्या ड्रायरचा आवाज असा, की त्याच्यापुढे उभं राहून कुणाचा कितीही उद्धार करा, शेजारच्याला वाटतं तुम्ही गुणगुणताय.

तिला सगळे 'कात्री' म्हणतात. तोंडावर नाही. पण पाठ वळली की तिला ऐकू येतं. कान काही तिचे गेलेले नाहीत.

निरोपसमारंभासाठी पितळी पाटी तयार होऊन आली: 'निर्दोष सेवेबद्दल'.

"निर्दोष!" मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री बाहीने पाटी पुसत म्हणाला. "आपल्याला काय मिळणार ताई? सदोष?"

"तुझी पाटी मी स्वतः लिहीन," कात्री म्हणाली. "तू आधी निवृत्त तर हो."

इस्पितळाच्या तळघरातलं हे धुलाईखातं. तिथला नियम साधा. कोट मशीनमध्ये टाकताना एकीने खिसे चाचपायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "कोरं!" म्हणजे खिसे रिकामे. मग दुसरीने बटण दाबायचं. कोरं ऐकल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. पूर्वी दोघी आलटूनपालटून म्हणायच्या. दोघी म्हणजे ती आणि आज निवृत्त होणाऱ्या मुकादमबाई. त्या तेव्हा मुकादम नव्हत्या, बाईही नव्हत्या. नुसत्या 'अगं' होत्या.

मग एका सकाळी कुणाच्या तरी कोटातली कात्री आत गेली आणि कोऱ्या करकरीत मशीनचा ड्रम टरकन फाटला. साहेबांनी दोघींना समोर उभं केलं.

"कोरं कोण म्हणालं?"

"ही म्हणाली." मैत्रिणीने बोटसुद्धा दाखवलं नाही. नुसती हनुवटी उडवली.

ती तोंड उघडेपर्यंत साहेबांचं बोलणं सुरूही झालं होतं. मुकादमी तिला मिळणार हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ती मिळाली हनुवटीला. हिला मिळालं टोपणनाव.

दुसऱ्या दिवसापासून तिने मैत्रिणीला 'अहो' म्हणायला सुरुवात केली. "अहो, जरा चादर धरता का?" "अहो, तुमचा चहा गार होतोय." शिव्यांनी माणूस कोडगं होतं; मानाने सोलून निघतं. एकदा मुकादमबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अगं, भांड तरी माझ्याशी एकदा!"

"छे हो," ती म्हणाली, "तुमच्याशी कशी भांडणार मी?"

निरोपाच्या दिवशी मात्र भांडायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. बाई एकदा गेल्या की गेल्या. मग कात्री हे नाव मरेपर्यंत चिकटलेलं. रोज ड्रायरसमोर ती भाषण घोकायची. अगदी ठेवणीतलं. पण तोंडपाठ झालं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की निंदा कुणी पुरती ऐकून घेत नाही. 'जळते मेली,' म्हणतील आणि हाताला धरून बसवतील. स्तुतीला मात्र कुणी अडवत नाही.

खानावळीतली टेबलं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत साहेब. शेजारी मुकादमबाई, मांडीवर नात. त्यांचे यजमान कौतुकाने मोबाइल धरून चित्रण करत होते.

"दोन शब्द बोला," साहेब म्हणाले.

"बाईंबद्दल दोन शब्दांत कसं होणार?" ती उठली. "साहेब, खिसे तपासणं हे आमच्या खात्यातलं सगळ्यात जोखमीचं काम. बाईंनी ते कधी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. इतक्या वर्षांत 'कोरं' हा शब्द आम्ही फक्त त्यांच्याच तोंडून ऐकला. आम्ही आपलं बटण दाबणाऱ्या. जबाबदारी सगळी बाईंची."

टाळ्या पडल्या. यजमानांनी मोबाइल काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

"मुकादम झाल्यापासून ना?" साहेबांनी सहज विचारलं.

"नाही हो. त्याच्या आधीपासून. अगदी पहिल्या दिवसापासून."

मिस्त्रीच्या हातातलं बिस्किट तोंडाशी थांबलं. त्या ड्रमला ठिगळ त्यानेच मारलं होतं. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग मुकादमबाईंकडे.

"असं आहे का बाई?"

नाही म्हटलं, तर एवढ्या टाळ्या खोट्या. हो म्हटलं, तर हनुवटी खोटी. कात्री उभीच होती, हात जोडून, चेहऱ्यावर कौतुक. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याचा मोबाइल चालूच होता.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हणायचे."

"आणि त्या कात्रीच्या वेळी?" साहेबांचा आवाज खाली आला.

"मीच."

खुर्च्यांमध्ये कुजबुज पसरली. कात्रीला वाटलं होतं, आतून काहीतरी उसळून वर येईल. तिने वाट पाहिली. मग खाली बसली.

साहेबांनी पाटी दिली, पण छापलेलं वाचून दाखवलं नाही. नातीने आजीचा पदर ओढला.

"आजी, त्या काय म्हणाल्या तुला?"

"चांगलं म्हणाल्या," मुकादमबाई म्हणाल्या आणि पाटी पालथी घालून पिशवीत ठेवली. जाताना त्या कात्रीच्या खुर्चीपाशी थांबल्या. "अहो, येते," म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

तिला 'या' म्हणायचं होतं. तोवर त्या जिन्यापर्यंत पोचल्या होत्या.

ड्रम फाटला त्या सकाळी 'कोरं' कुणीच म्हटलं नव्हतं. दोघी मशीनच्या दाराला टेकून पोट धरधरून हसत होत्या, आणि बटण कुणाच्या पाठीने दाबलं गेलं ते दोघींनाही कळलं नव्हतं.