अंगणातले पांढरे डाग

मागच्या अंगणात शेवाळावरून सासऱ्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून सुनेने त्या फरश्यांची धास्तीच घेतली होती. महिन्याभराने वॉकर धरून ते घरी आले, आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं काय, तर अंगणात कधी बसता येईल.

"आधी मला घासू तर द्या, बाबा. तोवर उंबरा ओलांडायचा नाही."

अंगण कसलं, उंच भिंतींच्या मधली चौकोनी जागा. ऊन जेमतेम तासभर. फरश्यांवर बुळबुळीत हिरवा थर, आणि मधेमधे करडे-पांढरे डाग, नखाएवढ्यापासून बशीएवढे, दगडाला घट्ट धरून बसलेले. नवरा कामावर गेला तशी ती कामाला लागली. ब्लीच ओतून तासभर घासलं. शेवाळ सुटलं, पण डाग जागचे हलेनात.

तिला न्हाणीघरातली अ‍ॅसिडची बाटली आठवली. संडासाचं भांडं लख्ख करतं, मग दगड का नाही करणार? फरशी धुऊन काढायचाही धीर तिला नव्हता. पार कोपऱ्यात जाऊन तिने ब्लीचच्या ओलीवरच बाटली रिकामी केली आणि उकिडवं बसून ब्रश चालवायला घेतला.

फरशी फसफसली. वास नाकात शिरला तो थेट घशापर्यंत चिरत गेला. डोळ्यांना धारा लागल्या. तिने श्वास ओढला, तर छाती मिटल्यासारखी झाली. हाक मारायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. दार दहा पावलांवर होतं, पण तिला उठताच येईना.

तेवढ्यात दारात वॉकर वाजला. बाबा आता बाहेर येणार, ह्या ओल्यावर पाय टाकणार. ती दोन्ही हातांनी 'मागे जा' अशा खुणा करत राहिली.

सासऱ्यांनी उभा जन्म कापड रंगवायच्या कारखान्यात काढला होता. एका वासात त्यांना उमगलं, ब्लीचवर अ‍ॅसिड पडून विषारी क्लोरीन सुटलाय. तोंडावर बाही धरून ते बोलले, आवाज अजिबात न चढवता.

"उठून उभी राहा. हा वायू खाली बसतो, वाकू नकोस. श्वास रोख आणि सरळ दाराकडे ये."

ती हलली नाही. त्यांनी वॉकर उचलून उंबऱ्याबाहेर टेकवला.

"तू येतेस, की मी येऊ?"

ती उठली. कशी उठली ते तिलाही सांगता येत नाही. मध्यावर घसरली, गुडघा फुटला, पुन्हा उठली. ती आत येताच त्यांनी दार लावून घेतलं आणि दोघं पुढच्या दाराने रस्त्यावर आली. पायरीवर बसून सासऱ्यांनीच अँब्युलन्सला फोन केला. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

दोन दिवस तिला ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, की आणखी पाच मिनिटं तिथे बसली असती, तर तिचं काही खरं नव्हतं.

घरी आल्यावर तिने भीत भीत विचारलं, "बाबा, मी उठले नसते तर तुम्ही आला असतात?"

"ह्या पायाने? दुसऱ्याच पावलाला आडवा झालो असतो." त्यांनी वॉकर जवळ ओढला. "पण आलो असतो."

तिला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही.

पुढे रविवारी नवऱ्याने नुसतं पाणी आणि कडक ब्रश घेऊन अंगण घासलं. अर्धे डाग गेले, अर्धे राहिले. तो घासत होता तोवर ती पुढच्या खोलीत, उघड्या दाराशी उभी होती. दर दोन मिनिटांनी त्याला हाक मारायची, आणि त्याची ओ आल्याशिवाय तिचा श्वास मोकळा होत नव्हता.