एक इंच वजा

मित्रांनो, मी टेप. गाणी वाजवणारी नव्हे. शिवणाऱ्या माणसांच्या गळ्यात असते ती, मापाची. बेळगावच्या खडेबाजारातून येळ्ळूर गावात आले तेव्हा मी साठ इंचांची होते. आज एकोणसाठ इंचांची आहे.

त्याचं असं झालं. मनुबाईंनी मला इतकं वापरलं की माझं पत्र्याचं टोक गळून पडलं आणि पहिल्या इंचाच्या रेघा पुसून गेल्या. मनुबाईंनी कातरीनं तेवढा तुकडा सरळ कापून टाकला. तेव्हापासून माप एकच्या रेघेपासून घ्यायचं आणि येईल त्या आकड्यातून एक वजा करायचा.

"अगं, नवी घे की," शेजारच्या गुणाबाई म्हणाल्या.

"एकच तर वजा करायचा हाय. तेवढ्यासाठी हिला टाकू व्हय?"

ते ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मनुबाई गावातल्या बायकांची झंपरं, म्हणजे ब्लाऊज, शिवायच्या. झंपर नीट बसत नाही असं कुणी म्हणालं की त्या विचारायच्या, "कुठं अडतंय?" बाई बोट ठेवील तेवढीच शिवण त्या उसवायच्या. बाकीच्या झंपराला हात लावायच्या नाहीत. घरची गाऱ्हाणी घेऊन कुणी आली तरी प्रश्न तोच. एकदा मंगल नावाची सून रडत आली. "जावंशी माझं न्हायच पटत." मनुबाईंनी तिला पोटभर रडू दिलं, मग विचारलं, "कुठं अडतंय?" विचारता विचारता कळलं, की भांडण रोज भाकरी करतानाच होतं आणि त्या वेळी मंगलचे खांदे भरून आलेले असतात. मनुबाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. ओटा उंच जावेच्या मापाचा होता आणि मंगल बुटकी. दुसऱ्या दिवसापासून ती पायाखाली पाट घेऊन भाकरी थापू लागली.

"मिटलं का गं भांडण?" गुणाबाईंनी विचारलं.

"न्हाय. पण आता भाकरी झाल्यावर भांडतो."

तीन वर्षांपूर्वी मनुबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लाकडासारखा झाला. मशीनवर चादर पडली, मी खिळ्याला लटकले. त्यांची मुलगी नीलम बेळगावच्या शाळेत गणित शिकवते. शाळेला निघण्यापूर्वी ती रोज आईला झंपर घालायची. मनुबाई तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायच्या.

"नायटी घाल की गं," गुणाबाई म्हणाल्या. "कोण बघतंय?"

"मला दिसतंय की. माझं झंपर मी घालणार."

"आई, मी हाय न्हवं?" नीलम म्हणाली.

"तू हाईस गं. पण झंपर माझं हाय."

दोन महिने हेच चाललं. एका सकाळी नीलम चिडली. "मग कुठं अडतंय ते तरी सांग!"

मनुबाई हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. त्यांनी सांगितलं, "हूक एका हातानं लागत न्हाईत, तिथं टिचबटणं लाव. पण खरं अडतंय ते मुंढ्याला." बाही खांद्याला जोडतात त्या घेराला मुंढा म्हणतात. आखडलेला हात त्यातून आत जातच नव्हता.

नीलमनं मला खिळ्यावरून काढलं. तिचे हात माझ्या ओळखीचे नव्हते. मनुबाई खाटेवरून सांगत होत्या, ती मापं घेत होती, कापत होती, वाकडंतिकडं शिवत होती. चार रविवार गेले. झंपर झालं, पण मुंढा भलताच सैल.

"किती धरलंस?"

"सतरा."

"एक वजा केलास?"

नीलमनं माझं कापलेलं टोक बघितलं.

"गणिताच्या बाई म्हणं! पोरांना काय शिकवतीस गं?"

नीलम उसवायला बसली. "थांब," मनुबाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि त्या सैल बाहीत सोडला. हात कुठं अडला नाही. "असू दे. ह्या हाताला एक इंच जास्तच पायजे हुता. माझ्या ध्यानात आलं न्हाय."

सोमवारी सकाळी त्यांनी खोलीचं दार आतून लोटून घेतलं. नीलम बाहेर उभी राहिली, मी तिच्या गळ्यात. आत काहीतरी पडलं. मनुबाई स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. शाळेची वेळ टळत होती. नीलमचा हात दोनदा दाराकडे गेला आणि दोनदा मागे आला. मग आवाज आला, टिच. बऱ्याच वेळानं दुसरा. मग तिसरा आणि चौथा.

दार उघडलं. एक बटण चुकीच्या जोडीला लागलं होतं. नीलमला ते दिसलं. तिनं मला खिळ्याला अडकवलं आणि ती शाळेला निघाली.

त्यानंतर मनुबाई दीड वर्ष जगल्या. शेवटच्या सकाळचं झंपरही त्यांनी स्वतःच घातलं होतं.

आता मी नीलमजवळ असते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला पिळून ठेवू नका, सैल गुंडाळा. आणि तुमच्या घरी कुणाला बटण लावायला वेळ लागत असेल, तर धावत जाऊन ते लावू नका. आधी विचारा. नको म्हणाले, तर दाराबाहेर उभे राहा. उशीर होत असला तरी हाक मारू नका.