बिनचिठ्ठीचा प्रश्न
पाहुण्या बाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "मी भाषण करत नाही. पिक्चर दाखवा, मग मुलांना विचारू द्या. विचारलं तर दिवसभर बसेन, नाहीतर चहा घेऊन निघेन."

साधना मेश्राम मूळच्या मुकुटबनच्या, आता पुण्यात राहून ॲनिमेशन सिनेमांच्या पटकथा लिहितात. राळेगावजवळच्या या जिल्हा परिषद शाळेत त्या यायला कबूल झाल्या, कारण उज्ज्वला मॅडमनी चार महिने त्यांचा पिच्छा पुरवला. मॅडमचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. पोरांनी एक तरी स्वतःचा प्रश्न विचारावा, आणि बाईंनी थांबून लिहिणं म्हणजे काय ते त्यांना सांगावं. आपल्याकडे पोरांना उत्तरं शिकवतात. विचारणाऱ्याला आगाऊ म्हणतात.

मुख्याध्यापक भगवानरावांना घोर वेगळाच, पाहुण्यांसमोर शाळेचं नाक कापलं जाऊ नये. माणूस वाईट नव्हे. पण तपासणीला साहेब यायचे म्हटलं की आदल्या दिवशी पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायची, ही त्यांची जुनी खोड. या खेपेला त्यांनी प्रश्नच घोकून घेतले. सहा पोरं, सहा चिठ्ठ्या. उज्ज्वला मॅडमना हे कळलं तेव्हा बाईंची गाडी फाटकात आली होती. आता काय करता!

खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि बाईंनी लिहिलेला पिक्चर सुरू झाला. चाळीस मिनिटं एक पोर जागचं हललं नाही. कापूस वेचणारी आई, आणि तिच्या मागे मागे फिरत ढगांशी भांडणारी तिची लेक. काय एकेक जागा लिहिली होती! लेक रुसते आणि आई काही न बोलता आपल्या वाटची चटणी तिच्या भाकरीवर सरकवते, तिथे मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपल्या भागातली बाई असं लिहिते, याचा त्यांना सरळ सरळ अभिमान वाटला.

मग सतरंज्या निघाल्या आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या.

"आपणास लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?" बंटीने हाताची घडी घालून एका दमात विचारलं.

बाईंनी हसून चार वाक्यांत उत्तर दिलं. पुढच्याला दोन. "आपला आवडता छंद कोणता?" या पाचव्या प्रश्नापर्यंत त्या एका शब्दावर आल्या होत्या. सहावा झाला तशी त्यांनी पर्स खांद्याला लावली. भगवानराव समाधानाने आभाराचा कागद उलगडू लागले. मॅडमना रडू फुटायचंच काय ते बाकी होतं.

"मले इचाराचं हाय," मागून आवाज आला.

ती आठवीतली दीपा. वेचणीच्या दिवसांत ती आईबरोबर वावरात जायची. आठवड्याने आजच शाळेत आली होती, म्हणून तिच्या वाट्याला चिठ्ठी आली नव्हती. भगवानरावांनी डोळे वटारले, पण मॅडम नेमक्या त्यांच्या आडव्या जाऊन उभ्या राहिल्या. "विचार गं."

"तुमच्या पिच्चरमधली माय दिवसभर कापूस वेचते. मंग तिची बोटं काहून इतकी साफ? बोंडाची टोकं तिले टोचत नाही काय?"

"अवं पोरी, कार्टून हाय ते!" भगवानराव खेकसले. "बस खाली!"

बाईंनी पर्स खाली ठेवली आणि त्या थेट दीपापाशी गेल्या. "हात दाखव."

दीपाने आधी हात मागे लपवले, मग हळूच पुढे केले. नखांच्या कडांना ओरखडे, बोटांवर बारीक काळ्या चिरा. शेजारच्या दोघींनीही न सांगता आपापले हात पुढे केले.

बाईंनी एकेक हात उलटून बघितला. "चित्रं काढणाऱ्यांची चूक नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी कापसाचं झाडही पाहिलेलं नाही. मी लिहीन तेच ते काढतात. मी लिहिलं, 'आई कापूस वेचते.' बस." मग त्यांची पुण्याची भाषा सुटलीच. "माही माय जन्मभर वेचत होती वं. अन् मी तिची बोटंच लिहिली नाही. इतक्या लोकायनं पाह्यला हा पिच्चर, कोणी इचारलं नाही मले."

त्यांनी खडू दीपाच्या हातात दिला. "तू लिही. जे दिसते तेवढंच."

दीपाने फळ्यावर थांबत थांबत लिहिलं, 'माय वेचते. बोंड टोचते. माय बोट तोंडात घालते. पोरगी पाहून राह्यली का, ते पाहते. मंग हासते. मंग वेचते.'

भगवानरावांनी आभाराचा कागद खिशात कोंबला आणि ते मागे पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. पोरगी एवढी मोठी आहे, आणि आपण तिच्या नावापुढे नुसती गैरहजेरी मांडत होतो, या विचाराने मॅडमना स्वतःचीच लाज वाटली.

बाईंनी ते जसंच्या तसं आपल्या वहीत उतरवून घेतलं आणि त्या फळ्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"मंग सांग," त्या म्हणाल्या, "त्या पोरीले दिसलं का मायचं रक्त?"

"दिसलं ना," दीपा म्हणाली. "पण तिनं न पाह्यल्यासारखं केलं."