खातमबंदाच्या वर

बारामुल्ल्याच्या जुन्या वस्तीत खझीर नज्जारच्या हातची छतं कितीतरी घरांत होती. देवदाराच्या पातळ तुकड्यांचे तारे आणि पाकळ्या तो खाचेत खाच बसवून असे काही जोडायचा की ना खिळा लागे ना सरस. या कामाला तिकडे खातमबंद म्हणतात. खझीरने ते बापाकडून उचललं होतं आणि त्यातच त्याचे केस पिकले.

रमझानमधल्या त्या सकाळी तो एका नव्या घरात परांचीवर उभा होता. खालून त्याचा मेहुणा असदुल्ला तुकडे देत होता. आधी लांबून ट्रक येत असल्यासारखा आवाज आला. मग डोक्यावरचं अर्धं झालेलं छत थंडीने दात वाजावेत तसं कडकडू लागलं आणि परांची झोकांड्या खाऊ लागली. असदने खालून बांबूला मिठी मारली आणि खझीर उतरेपर्यंत सोडली नाही. खझीर तळहात सोलून घेत खाली घसरला आणि दोघं अंगणात धावले. त्यांच्यामागे शेजारच्या घराची भिंत गल्लीत कोसळली.

त्या भिंतीखाली कादिर गवंडी सापडला. रोज सकाळी खझीरची थट्टा करणारा माणूस. दोघांनी नखं फुटेस्तोवर विटा उपसल्या. आधी त्याचा हात दिसला, धुळीने पिठासारखा पांढरा झालेला. खझीरने तो धरला. हात गरम होता, पण त्यात जीव नव्हता.

त्या दिवसापासून खझीर छपराखाली जाईना. सुरुवातीला सगळी वस्तीच उघड्यावर होती, कारण जमीन अधूनमधून हलतच होती. मग थंडी वाढली आणि एकेक कुटुंब घरात परतलं. खझीर मात्र अंगणातल्या अक्रोडाखाली ताडपत्री बांधून राहिला. अंगातल्या घोळदार फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी, वर दोन रजया, आणि नजर सतत घराकडे.

"वरचा वासा तडकलाय," तो बायकोला, मुख्ताला, पुन्हा पुन्हा सांगे.

"तुम्हाला आता कुलच्यातही तडा दिसतो," मुख्ता म्हणे. "उभ्या गावाला छतं घालून दिली आणि आपल्या छताखाली बसायला घाबरताय. लोक काय म्हणत असतील?"

"म्हणू देत. लोकांनी कादिरचा हात धरला नव्हता."

मुख्ता परत चुलीकडे वळे. पण वर माळ्यावर जाऊन कुणी बघितलं नाही. खुद्द खझीरचीही हिंमत झाली नाही. अंगणातून, उघड्या दारातून त्याला घरातल्या खातमबंदाची एक रांग किंचित झुकल्यासारखी वाटायची. ते खरं की भीतीचा खेळ, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

भर हिवाळ्यात अतिका, त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. खझीरने हात जोडले, तिला सासरीच राहू दे म्हणाला. मुख्ताने ऐकलं नाही. एका पहाटे बर्फ सुरू झाला आणि सकाळी अतिका मोकळी झाली. मुलगी झाली. पण रक्त फार गेलं होतं. रस्ते बंद, इस्पितळाची गाडी येण्याची आशा नाही.

"हिला जागची हलवायची नाही," साजा सुईण म्हणाली. "उचललीत तर पुन्हा सुरू होईल, आणि मग माझ्या हातात काही नाही."

बर्फ पडतच राहिला. अंगणात बसून खझीर छपराचा पत्रा बघत होता. त्याच्यावरचा थर गादीएवढा झाला, मग दोन गाद्यांएवढा. दुपारी असदुल्ला घरातून बाहेर आला. त्याच्या हातात लाकडाचा एक तारा होता.

"भाईजान, हा अतिकाच्या उशाशी पडला. वरून."

खझीरने तो हातात घेतला. ताऱ्याची एक कड चेपून भुगा झाली होती. तुकडा सैल होऊन गळला असता तर कड शाबूत राहिली असती. वरून दाब आला होता. एवढे दिवस तो जे बडबडत होता ते खरं होतं.

"वासा खाली येतोय," तो म्हणाला. "बर्फ काढायला छपरावर चढू नकोस. तुझ्या वजनाने सगळं खाली बसेल. आधी आतून टेकू द्यायला हवा."

"मग मी माळ्यावर जातो."

"तू मावणार कुठे तिथे? आणि एक पाय चुकीच्या जागी पडला तर सरळ पोरीच्या अंगावर जाशील."

असद आडव्या अंगाचा, खझीर काटकुळा. 'मग तुम्हीच जा' असं असद म्हणाला नाही. तेवढी लाज त्याने राखली.

खझीरने फेरन उतरवलं. उंबरठ्यापाशी तो थांबला. त्याने डोळे मिटले, भिंत चाचपली आणि आत पाय टाकला. खोलीच्या दारात मुख्ता उभी होती. त्याला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती एवढंच म्हणाली, "जिन्याची तिसरी पायरी हलते. सांभाळून."

माळ्यावर उभं राहायला जागा नव्हती. खातमबंदाच्या पाठीवर भार टाकता येत नाही, म्हणून तो आडव्या तुळयांवरून पोटावर सरकत गेला. डोक्यावर पत्रा बर्फाखाली करकरत होता. तारा गळला होता तिथून खालचा उजेड वर येत होता. त्यातून त्याला अतिकाचा चेहरा दिसला, मेणासारखा, आणि तिच्या कुशीत कापडाचं बोचकं. वासा बरोबर त्यांच्या वर होता. तड्यात त्याची दोन बोटं गेली.

असदने माळ्याच्या तोंडातून लाकडी टेकू आत सरकवला. खझीरने तो तुळईवर उभा केला, वाशाखाली धरला आणि पाचर ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला धूळ झडायची. प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता आलं सगळं खाली.

पाचर अर्धी बसली आणि तो आवाज आला. लांबून येणारा ट्रक.

"भाईजान, बाहेर या," असद ओरडला.

मागे सरकायला वेळ नव्हता. खझीरने दोन्ही हातांनी टेकूला मिठी मारली. खालचं सगळं खातमबंद एकदम कडकडू लागलं, एकेक तुकडा आपापल्या खाचेत नाचायला लागला. मुख्ता लेकीवर आणि नातीवर पालथी पडलेली त्याला त्या भोकातून दिसली. साजाचा दुआ पुटपुटणारा आवाज आला. मग वासा मोडल्याचा कडाका झाला आणि छपराचं सगळं ओझं टेकूवर आलं. लाकूड त्याच्या छातीशी कण्हलं. खझीरला फक्त कादिरचा पांढरा हात दिसत होता.

टेकू उभा राहिला.

जमीन शांत झाली. खाली बाळ रडत होतं. कुणीतरी "अतिका, अतिका" म्हणत होतं, आणि मग अतिकाचा बारीक आवाज आला, "अब्बा वर आहेत ना?"

"आहे," खझीर म्हणाला. "आहे, बाळा."

त्याने पाचर पुरी ठोकली. असदकडून दुसरा टेकू मागून तोही बसवला. मग त्याचे पाय गेले. ते काही केल्या हलेनात. असदने घोट्याला धरून त्याला पोत्यासारखा ओढून काढला आणि स्वतः फावडं घेऊन बर्फ लोटायला शिडी चढला.

संध्याकाळी खझीर खोलीच्या दारात बसला होता. मुख्ताने खारट नून चहाचा पेला त्याच्या हातात दिला.

"मला अजून भीती वाटते," तो म्हणाला. "गेली नाही."

"मला काय वाटत नाही?" मुख्ता म्हणाली. "सगळ्यांनाच वाटते. आम्ही आत बसून घाबरतो, तुम्ही बाहेर बसून. आत निदान ऊब तरी आहे."

तिच्याकडे बघून त्याला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं.

उरलेला हिवाळा तो त्या दारातच, बूट न काढता झोपला. अतिकाच्या अंगात हळूहळू रक्त भरलं. रस्ते उघडल्यावर ती लेकीला घेऊन सासरी गेली. वसंतात खझीरने पुन्हा काम धरलं. कुणाच्याही घरी गेला की आधी माळा बघायला मागायचा आणि प्रत्येक वासा बोटांनी चाचपायचा. घरमालक कंटाळायचे. एक जण म्हणाला, "म्हाताऱ्या, छत करायला आलास की घर विकत घ्यायला?"

शेवटचा वासा चाचपून झाल्यावर खझीर खाली उतरला, परांचीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला आणि मग सावकाश वर चढला.