भिंतीला फुटलेला पान्हा

सकाळचे नऊ वाजले की बोगद्याच्या तोंडाशी अशी गर्दी व्हायची की ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. रांग माझ्या पंक्चरच्या दुकानापासून सुरू व्हायची आणि डोंगराला टेकू दिलेल्या काँक्रीटच्या उंच भिंतीपाशी संपायची. प्रत्येकाच्या हातात रिकामा पेला. भिंतीच्या एका भोकातून पाणी गळायचं, स्वच्छ, आरपार दिसणारं. शेजारी खुर्ची टाकून दूधमहाराज बसलेले. ते त्या पाण्यानं पेला भरायचे, त्यात बांबूची बारीक नळी बुडवायचे, डोळे मिटायचे आणि फुंकायचे. बुडबुडे निघता निघता पाणी गढूळ व्हायचं आणि बघता बघता पांढरं, अगदी दुधासारखं.

"तुम्हाला हे पाणी दिसतं," महाराज सांगायचे. "पण माझा प्राण आत शिरला की डोंगरमाता ओळखते, लेकरू आलंय. मग तिला पान्हा फुटतो."

गुडघेदुखी, केसगळती, परीक्षा, परदेशी नोकरी, सगळ्यावर हे एकच औषध. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दूध आहे तर साय का येत नाही?" महाराजांनी भोकाखाली ओघळलेल्या पांढऱ्या थराकडे बोट दाखवलं. "ही काय साय. श्रद्धा कमी पडली की दिसत नाही, आजोबा." म्हातारा इतका ओशाळला की दोन पेले प्यायला.

मी मुळातच चिडका माणूस. पण एखादा वेडा लोकांना शहाणा वाटतो म्हणून मी दुकान सोडून भांडायला जात नाही. इथं माझा जीव टांगणीला लागला होता, कारण रांगेच्या डोक्याशी, भिंतीला अगदी खेटून, घडीच्या स्टुलावर रोज माझी आई बसायची. आणि ती भिंत पुढं सरकत होती.

हे मला ताईनं सांगितलं. ताई माझी थोरली बहीण, बोगद्याच्या देखभालीवर नोकरीला. अशा भिंतीत चाळीसेक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, डोंगरात मुरलेलं पाणी मागं साचू नये म्हणून. त्यांच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. तो दर आठवड्याला सळईनं खरवडायचा, हे ताईचं काम. म्हणून तिला सगळे सळईताई म्हणतात. बारा वर्षं तिच्या कामाकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता भक्त आडवे आले. साय खरवडणं म्हणजे आईला ओरखडे काढणं, म्हणे. त्यावर शिष्यांनी आणखी डोकं चालवलं. दूध चाळीस ठिकाणी वाया का घालवायचं? त्यांनी बाकीच्या भोकांत चिंध्या कोंबल्या आणि वरून सिमेंट थापलं, म्हणजे सगळा पान्हा महाराजांकडे यावा. ताई तक्रार घेऊन साहेबांकडे गेली, तर साहेब रांगेत सापडले, स्वतःचा पेला घेऊन.

"भिंतीवरून ओळंब्याची दोरी सोडून बघितलं मी," एका सकाळी ती आईला म्हणाली. "भिंतीला मधोमध फुगवटा आलाय. मागच्या आठवड्यात एक बोट होता, आता दोन बोटं आहे. तू तिथं बसू नकोस."

आईनं पोळीचा तुकडा खाली ठेवला. "डोंगरानं तुझ्या अण्णांना नेलं. आता काहीतरी परत देतोय, तर तेही खरवडून टाकतेस?"

अण्णा म्हणजे आमचे वडील. हाच बोगदा त्यांनी पलीकडच्या तोंडाकडून खोदला. दोन्हीकडून खोदत आलेल्या टोळ्या आत भेटल्या तेव्हा चारच बोटांचा फरक निघाला, असं लोक अजून कौतुकानं सांगतात. अण्णांना ते बघायला मिळालं नाही. आठ दिवस आधी छताचा खडक त्यांच्यावर आला होता. आई स्टूल घेऊन निघून गेली.

मग मी माझी अक्कल चालवायची ठरवली. फुंकून पाणी पांढरं होतं ना? मग हवा तर माझ्याकडे टाकीभर आहे. मी कॉम्प्रेसरची नळी ओढत भिंतीपाशी नेली, भोकातलं पाणी पेल्यात घेतलं आणि सगळ्यांसमोर हवा सोडली. पाणी उसळलं, माझ्या तोंडावर उडालं, पण पांढरं काही झालं नाही. मी पुन्हा पेला भरून, जोर कमी करून पाहिलं. पाणी तसंच राहिलं, फक्त मी भिजलो.

"यंत्राला प्राण नसतो, बाळा," महाराज प्रेमळपणे म्हणाले. लोक पोट धरधरून हसले. आईनं मान खाली घातली. मला भिंतीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटलं.

ताई गर्दीतून पुढं आली. "चुकलास. हवा टाकीतली नको, छातीतली हवी." तिनं महाराजांच्या हातातला भरलेला पेला सरळ काढून घेतला, खिशातून रबरी नळीचा तुकडा काढून त्यात बुडवला आणि फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"तिनं बारा वर्षं सेवा केलीय," एक शिष्य घाईघाईनं म्हणाला. "थोडी सिद्धी तिलाही मिळाली असेल."

ताईनं दुसरा पेला एका ट्रक ड्रायव्हरला दिला. हा गृहस्थ शिवी दिल्याशिवाय गिअर टाकत नाही. त्यानं फुंकलं आणि महाराजांपेक्षा घट्ट दूध काढलं. मग ताईनं माझ्या दुकानातल्या नळाचं पाणी महाराजांपुढं धरलं. "आता यात फुंका."

महाराज फुंकत राहिले. गाल टमाटे झाले, डोळे बाहेर आले, पाणी जसंच्या तसं.

"तुंबलेलं भोक मोकळं करताना मी याच नळीनं फुंकते," ताई सांगू लागली. "खालच्या बादलीतलं पाणी दर वेळी पांढरं होतं. गेल्या वर्षी डोंगराच्या भेगांत पातळ सिमेंट भरलं, तेव्हापासून तर फारच. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो चुन्याला भेटला की चुनखडी होते. साध्या हवेत तो नावापुरता असतो, म्हणून कॉम्प्रेसर घेऊन संध्याकाळपर्यंत बसावं लागलं असतं. तुमची साय म्हणजे हीच चुनखडी."

तेवढ्यात आई म्हणाली, "नळी मला दे."

तिनं भोकातलं पाणी पेल्यात घेऊन फुंकलं. धाप लागत होती, मध्ये थांबली, परत फुंकलं. पाणी पांढरं झालं. तिनं पेला खाली ठेवला.

"मग भिंतीमागं दूध नाही तर काय आहे?"

"साचलेलं पाणी," ताई म्हणाली. "अण्णांवर खडक आला तो डोंगराच्या रागानं नाही, आई. मागं असंच पाणी तुंबलं होतं."

आई उठली. तिनं स्टुलाची घडी घातली आणि रांगेकडे वळली. "उठा सगळे. रस्त्याच्या पलीकडे व्हा."

ताईचं कुणी ऐकलं नसतं. पण पहिल्या दिवसापासून पुढं बसणाऱ्या बाईनं पाठ फिरवली, तशी सगळी रांग हलली. ताईनं बाजूला उभं राहून छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला चिंध्यांचा बोळा सुटला आणि पाण्याची धार थेट रस्त्याच्या मधोमध पडली. महाराजांची खुर्ची उलटली. साहेबांनी पेला हळूच खिशात घातला आणि वाहतूक थांबवायला धावले. दुपारपर्यंत चाळीसही भोकं वाहू लागली. फुगवटा तसाच राहिला, पण वाढायचा थांबला. नंतर भिंत पक्की बांधून घेतली.

चमत्कार दाखवणाऱ्याला शिव्या घालू नका, नमस्कारही करू नका. पेला आपल्या हातात मागा. आधी स्वतः फुंकून बघा, मग त्याला नळाच्या पाण्यात फुंकायला सांगा. माझ्यासारखे पहिल्यांदा तोंडावर पडलात तरी लाजू नका, का पडलो ते शोधा.

त्या दुपारी आई वाहत्या भोकांकडे बघत माझ्या दुकानात बसली होती. म्हणाली, "तुमच्या अण्णांच्या डोक्यावर असं एक भोक कुणी पाडलं असतं तर ते आज घरी असते. आणि मी इतकी वर्षं डोंगराची समजूत काढत बसले."